गृहपाठ पुन्हा वहीत आणावा: मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील शाळांचे मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मी एकतीस वर्षे प्राथमिक शाळांत शिकवले. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळेत बसते. वाचनालय ‘ड’ वर्गाचे आहे. एक लांबट खोली, सहा कपाटे, दोन बाके आणि रस्त्याकडे उतरणाऱ्या तीन पायऱ्या, एवढाच त्याचा पसारा. मुलांचे आणि मोबाईलचे काय चालले आहे ते मला या पायऱ्यांवरून रोज दिसते. त्यात शाळेचा वाटा किती मोठा आहे हे लक्षात आल्यावर हे पत्र पालकांना किंवा मुलांना न लिहिता आपल्याला लिहावे असे वाटले.

गेल्या पावसाळ्यात सहावीत शिकणारी एक मुलगी रोज सातच्या सुमारास पहिल्या पायरीवर येऊन बसत असे. तिचे वडील औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात कामाला आहेत आणि सुटून येताना ते तिला इथूनच घेऊन घरी जात. घरात मोबाईल एकच, आणि तो दिवसभर वडिलांबरोबर. त्यामुळे मोटारसायकल थांबली की ती आधी हात पुढे करी, तिथेच बसून वर्गाचा ग्रुप उघडी आणि त्यावर आलेला गृहपाठाचा फोटो वहीत उतरवून घेऊ लागे. एके दिवशी मी शेजारी बसून पाहिले. पडद्याची काच फुटलेली होती आणि भेग नेमकी तिसऱ्या प्रश्नावरून जात होती. दोन बोटांनी फोटो मोठा करायचा, डावीकडे सरकवायचा, चार शब्द वाचून लिहायचे, मग उजवीकडे सरकवायचा. तेवढ्यात पडदा अंधारला की तो पुन्हा उजळायचा. सहा प्रश्न उतरवायला तिला पंचवीस मिनिटे लागली आणि तेवढा वेळ वडील रिकामा डबा हातात धरून उभे होते. ते सहाही प्रश्न तिच्या दप्तरातल्या पाठ्यपुस्तकात, त्याच धड्याखालच्या स्वाध्यायात छापलेले होते. शाळा सुटण्यापूर्वी फळ्यावर पानाचा क्रमांक आणि ‘स्वाध्याय एक ते सहा’ एवढी ओळ लिहिली गेली असती, तर त्या संध्याकाळी तिला फोन लागलाच नसता. लिहून झाल्यावर तिचे बोट आपसूक दुसरीकडे वळले, एक व्हिडिओ सुरू झाला आणि तो संपतो न संपतो तोच दुसरा लागला. वडील म्हणाले, “चल गं बाळा, उशीर झाला.” ती मान वर न करता म्हणाली, “एकच, पप्पा.”

तिच्या वर्गशिक्षिकेला मी ओळखते. मन लावून शिकवणारी, मुलांची नावे घरच्या माणसांसारखी घेणारी ही बाई आहे आणि गृहपाठ ग्रुपवर टाकण्यामागे तिचा हेतू चांगलाच आहे. माझी तक्रार तिच्याविषयी नसून आपण सर्वांनी मिळून लावून घेतलेल्या वळणाविषयी आहे. पालक सभेत आपण उभे राहून सांगतो की मुलांच्या हाती मोबाईल देऊ नका, त्यांचे डोळे बिघडतात, लक्ष लागत नाही. सभा संपवून पालक घरी पोहोचतात, तोवर ग्रुपवर उद्याची सूचना, गृहपाठाचा फोटो आणि कोणत्या तरी स्पर्धेची लिंक येऊन पडलेली असते. पालकांनी यातले नेमके काय ऐकायचे?

हे वळण कधी लागले तेही आपल्याला ठाऊक आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मोबाईल हाच फळा झाला आणि त्या काळात त्याचे आपल्यावर उपकारच झाले. माझ्या नोकरीची शेवटची वर्षे ती होती. ज्यांच्याकडे फोन होता त्यांना मी फोनवरून शिकवले आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. त्या धांदलीतही मुलांच्या डोळ्यांचा आणि बसण्याचा विचार कोणी केलाच नव्हता असे नाही. केंद्रीय मनुष्यबळ विकास (आताच्या शिक्षण) मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ नावाने ऑनलाइन शिक्षणासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. पूर्वप्राथमिकच्या मुलांसाठी दिवसाला ३० मिनिटांहून अधिक नाही, पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी तशीच चार सत्रे, अशी मर्यादा त्यांत घातलेली होती. ती संकटकाळातली मर्यादा होती, जेव्हा दुसरा मार्गच नव्हता. पुढे शाळा पूर्ववत भरू लागल्या, फळा आणि खडू परत आले, पण ग्रुप तसाच राहिला. त्यावर किती वाजेपर्यंत आणि किती पाठवायचे, याची मर्यादा मात्र कोणी ठरवली नाही. तेव्हा ही सवय मीही लावून घेतली होती आणि शेवटच्या वर्षापर्यंत मोडली नव्हती, म्हणून हे लिहिताना मी स्वतःला बाजूला काढत नाही.

यातून मुलांच्या संध्याकाळचे काय होते ते पाहावे. मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या अहवालात १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलांपैकी ८२.२ टक्के मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. हे आकडे वाचून आपण मुलांना बोल लावतो. पण अभ्यास आणि करमणूक एकाच पडद्यावर, एकाच बसण्यात होतात आणि एकातून दुसऱ्यात जायला बोटभर अंतरही नसते, हे आपण विसरतो. वहीत गृहपाठ लिहिणारे मूल वही मिटून उठते. फोनवरून गृहपाठ उतरवणाऱ्या मुलासाठी तसा उठण्याचा क्षणच येत नाही, कारण पुढचा व्हिडिओ त्याने न मागता सुरू होतो. मोठ्या माणसांनाही जे आवरत नाही, ते अकरा वर्षांच्या मुलीने आवरावे अशी अपेक्षा आपण करतो आणि दार मात्र आपणच उघडून देतो.

वेळ मोजून पाहिला तरी हेच दिसते. साडेदहाला शाळा भरते, पाचला सुटते. चालत किंवा गाडीने घरी येऊन हातपाय धुऊन काही खाईपर्यंत सहा वाजतात. नऊला जेवून झोपायचे म्हटले तर मुलाच्या हाती स्वतःचे असे तीन तास उरतात आणि शिकवणी असेल तर दोनच. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप हवी असे झोपेचे तज्ज्ञ डॉक्टर सांगतात. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेले आहे. या तीन तासांतच ती हालचाल, घरच्यांशी बोलणे, थोडे वाचन आणि थोडा नुसता रिकामेपणा बसायला हवा. गृहपाठाची वाट पाहणे आणि तो पडद्यावरून उतरवणे यांत त्यातला एक तास गेला, तर मैदान आपोआप गळते, कारण सूर्य कोणासाठी थांबत नाही. मुले उशिरा झोपतात म्हणून राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो योग्यच होता. पण ती उशिरा का झोपतात, या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा आपल्या ग्रुपपर्यंत येतो.

डोळ्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण यात शाळेला हाताने करता येण्यासारखे बरेच आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात २०१० ते २०१३ या काळात बारा प्राथमिक शाळांत एक साधा प्रयोग झाला. सहा शाळांत पहिलीच्या मुलांसाठी शाळेच्या शेवटी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास ठेवला आणि तो वर्गाबाहेर, उघड्यावर घेतला. उरलेल्या सहा शाळांत नेहमीचेच वेळापत्रक चालले. तीन वर्षांनी तपासले तेव्हा नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना ऱ्हस्वदृष्टी, म्हणजे दूरचे अंधुक दिसण्याचा दोष, निर्माण झाला होता आणि मैदानी तासाच्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना. कोणतेही औषध नव्हते, यंत्र नव्हते. होता तो दिवसाचा उजेड आणि चाळीस मिनिटे. मैदानी तासाच्या मुलांनाही हा दोष होतच होता, पण कमी मुलांना झाला, आणि पहिलीतल्या मुलाचा चष्मा दोन-तीन वर्षे लांबणे ही त्याच्या पुढच्या आयुष्यासाठी लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडे चाळीस मिनिटे उघड्यावर नेता येणार नाहीत अशी शाळा क्वचितच असेल. शारीरिक शिक्षणाचा तास वेळापत्रकात असतोच, फक्त परीक्षा जवळ आली की तो गणिताला दिला जातो. तो तास कोणत्याही कारणाने बदलला जाणार नाही, एवढा एक ठराव समितीने केला तरी पुष्कळ होईल.

आता मोहित्यांचे वडगाव. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये घेतलेला निर्णय आपण सर्वांनी वाचला असेल. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद होतात, ते साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत. या दीड तासात मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात, बोलतात. या बातमीचे कौतुक करून आपण थांबतो, म्हणून त्यातल्या मला महत्त्वाच्या वाटणाऱ्या दोन गोष्टी सांगते. पहिली ही की भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. आईची मालिका आणि वडिलांचा फोन यांनाही तो लागू आहे, त्यामुळे आपल्यालाच शिक्षा झाली असे मुलाला वाटत नाही. दुसरी ही की नुसता ठराव करून गावकरी घरी गेले नाहीत. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी गेले, लोकांशी बोलले, आणि मग ते अंगवळणी पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी घालणारा ठराव केला. त्यामागची कळकळ मला समजते, मात्र निवड करायची झाली तर मी वडगावची वाट घेईन. मुलांपुरती बंदी मोठ्यांच्या नजरेआड मोडते. घरातल्या सर्वांनी पाळलेला दीड तास मोडायला मुलाला कारणच मिळत नाही.

आणि वडगावसारख्या गावात भोंगा वाजून फोन बंद झाले असताना शाळेचा गृहपाठ सव्वासातला ग्रुपवर आला तर? गावाने एवढ्या कष्टाने मिळवलेली ती वेळ शाळेनेच मोडल्यासारखे होईल. म्हणून माझी पहिली आणि मुख्य विनंती अशी की गृहपाठ शाळा सुटण्यापूर्वी फळ्यावर लिहावा आणि मुलांनी तो दैनंदिनीत उतरवून घ्यावा. गैरहजर राहिलेल्या मुलाने तो शेजारच्या मुलाकडून विचारून घ्यावा, जसे आपण सगळे विचारून घेत होतो. त्या निमित्ताने एक मूल दुसऱ्याच्या दारात जाते, ‘काकू, आहे का तो घरी?’ असे विचारते, दोघे मिळून वही उघडतात आणि बहुतेक वेळा त्यानंतर अंगणात खेळूनच घरी परततात. शाळेचा ग्रुप बंद करावा असे माझे म्हणणे नाही. अचानक सुट्टी, लसीकरण, मूल आजारी पडणे यांसाठी तो हवाच. तो पालकांसाठी असावा, त्यावरच्या सूचना संध्याकाळी सहाच्या आत याव्यात आणि मुलाला तो उघडावा लागेल असे त्यावर काहीही नसावे.

यावर काही मुख्याध्यापक म्हणतील की पालकच मागणी करतात. ती अडचण खरी आहे. शेजारच्या शाळेच्या ग्रुपवर रोज दहा संदेश येतात आणि आपल्या शाळेच्या ग्रुपवर एकही येत नाही, म्हणजे आपल्या शाळेत काही शिकवतच नाहीत, असे पालकांना वाटते. त्यांची ही समजूत बदलण्याचे काम समितीतल्या पालक सदस्यांनी अंगावर घ्यावे, कारण पालकाचे म्हणणे पालक जितके ऐकतात तितके शिक्षकाचे ऐकत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात असे ठरवले, ते सह्या करण्यापुरते खासच नव्हे. जून महिन्यातल्या पहिल्या पालक सभेत एखाद्या आईने उभे राहून सांगावे की आमच्या मुलांच्या वह्या बघा, आमचा ग्रुप बघू नका.

शिक्षकांच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी. शिक्षकाच्या हातात दिवसभर फोन का दिसतो, याचे उत्तर त्याच्या आवडीत कमी आणि वरून येणाऱ्या कामात जास्त सापडते. ‘लिंक भरा’ हे दोन शब्द आज शिक्षकांच्या खोलीत सर्वांत जास्त ऐकू येतात. हजेरीची, आहाराची, प्रशिक्षणाची आणि उपक्रमाची अशी प्रत्येकाची वेगळी माहिती आणि वेगळा फोटो लागतो. राज्य शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू केला, नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले. या कल्पना मनापासून चांगल्या आहेत. पण मुले मातीचे बैल करायला बसली की बैल पुरा होण्याआधी बाई म्हणतात, थांबा, सगळ्यांनी वर बघा, फोटो घ्यायचा आहे. मुलांचे हात चिखलात थबकतात, चेहरे कॅमेऱ्याकडे वळतात, आणि ज्या तंद्रीसाठी हा सारा खटाटोप होता तीच मोडते. वरिष्ठ कार्यालयांना मुख्याध्यापकांनी एकमुखाने सांगावे की उपक्रम झाल्याचा एक लेखी अहवाल महिन्याअखेरीस मिळेल, फोटो मिळणार नाहीत. हे सांगायला धैर्य लागते, याची मला कल्पना आहे.

दुसरी विनंती मैदानाची. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण, खेळाचे साहित्य आणि वाचनालय असावे असे लिहिलेले आहे. खेडोपाडी शाळेचे मैदान हीच गावातली एकमेव सपाट, मोकळी, गाड्या नसलेली जागा असते आणि नेमकी मुले मोकळी होतात त्या वेळेला तिच्या फाटकाला कुलूप लागते. कारणे मला माहीत आहेत. काच फुटली तर भरून कोण देणार, कोणाचा हात मोडला तर जबाबदार कोण, रात्री तिथे नको ते लोक बसतात. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांवर कुलूप हा एकच उपाय नाही. पाच ते सात या वेळेत दोन पालकांनी आळीपाळीने मैदानात बसायचे ठरवले, ग्रामपंचायतीने एखाद्या माजी खेळाडू तरुणाला थोडे मानधन दिले आणि सात वाजता फाटक बंद करून चावी ठरलेल्या घरी ठेवली, तर आठवड्याभरात घडी बसते. आमच्या गावात हे दोन उन्हाळे झाले. पहिले काही दिवस मुले आली आणि नुसती उभी राहिली. खेळायचे काय तेच त्यांना सुचेना. मग कोणा आजोबांनी फुटक्या कौलांच्या सात खापऱ्या एकावर एक रचल्या आणि चेंडू एका मुलाच्या हाती दिला. लगोरी कशी लावायची, भिडू कसे वाटून घ्यायचे, चेंडू पाठीत बसला की बाद, हे सारे त्यांना शिकवावे लागले. आट्यापाट्यांची पाटी आखताना तर मोठ्यांमध्येच वाद झाला. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर मात्र कोणाला काही सांगावे लागले नाही, आणि सूरपारंब्यांसाठी वडाखाली कोण आधी पोहोचतो यावरून शर्यती लागू लागल्या.

मुलींची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे लक्ष दिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मैदान उघडले की मुलगे येतात. मुली येत नाहीत, कारण त्या वेळेला त्या घरी धाकट्या भावंडाला सांभाळत असतात, पाणी भरत असतात, भाकरीचे पीठ मळत असतात. दहावीच्या मुलीला अंधार पडायच्या आत मैदानात पाठवायला घरचे तयार नसतात आणि अंधार पडल्यावर तर विषयच नाही. अशा मुलीला कामातून सुटल्यावर जी अर्धी घटका मिळते, त्यात घराच्या कोपऱ्यात बसून करता येईल अशी एकच करमणूक उरते आणि ती फोनमध्ये असते. तिला ‘बाहेर जाऊन खेळ’ असे सांगणे म्हणजे तिच्याजवळ जे नाहीच ते वापरायला सांगणे. म्हणून मुलींसाठी मैदानाची वेळ शाळेच्या वेळेतच राखून ठेवावी लागेल. शेवटचे दोन तास आठवड्यातून दोनदा फक्त मुलींच्या खो-खोला, लंगडीला, कबड्डीला द्यावेत, आणि भोंडल्याच्या दिवसांत फेर धरायला शाळेचेच अंगण द्यावे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या महिला संघाने विजेतेपद मिळवले आणि त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची होती. तिचे चित्र शाळेत लावणे सोपे आहे. मुलींना तो खेळ आठवड्यातून दोनदा खेळायला मिळेल अशी वेळ काढणे हे आपल्या हातातले काम आहे.

पुस्तकांबद्दल मी जरा अधिकाराने बोलू शकते. शाळेतली पुस्तके बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असतात आणि कपाटाला कुलूप असते. ते उघडायला आपण का कचरतो हेही मी नोकरीत असताना अनुभवले आहे. साठा पडताळणीत पुस्तक कमी भरले तर शिक्षकाच्या पगारातून वसुली होईल ही भीती मनात असते. मग सुरक्षित उपाय एकच उरतो, पुस्तक कोणाला द्यायचेच नाही. जीर्ण आणि हरवलेल्या पुस्तकांचे दरवर्षी रीतसर निर्लेखन व्हावे, म्हणजे ती नोंदीतून कमी करावीत, त्याचा ठराव समितीने करावा आणि मुलाच्या हातून फाटलेल्या पुस्तकासाठी शिक्षकाला जबाबदार धरू नये, अशी मागणी समित्यांनी अधिकाऱ्यांकडे लावून धरली, तर ही भीती पुष्कळ कमी होईल. कपाट वर्गाच्या मागच्या भिंतीशी, मुलांच्या हाताला येईल असे उघडे ठेवावे. आमच्या वाचनालयात आम्ही मुलांची पुस्तके खालच्या दोन फळ्यांवर आणली आणि नोंदवहीत नाव लिहिण्याचे काम मुलांकडेच दिले. सुरुवातीला ती चित्रे पाहत, नंतर एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवू लागली. एक मुलगा तेच पुस्तक तीनदा घेऊन गेला तेव्हा मी त्याला कारण विचारले, तर म्हणाला, “आजीला वाचून दाखवतो, तिला झोप लागते, मग उरलेले दुसऱ्या दिवशी.” त्या घरात त्या वेळेला फोन कुठे होता, हे विचारायची मला गरज वाटली नाही.

पडदा सरसकट वाईट, असे मी म्हणत नाही आणि कोणी तसा अर्थ काढू नये. ऐकू न येणाऱ्या मुलाला खुणांच्या भाषेतला धडा पडद्यावरूनच मिळतो. ज्वालामुखीचा उद्रेक, हृदयाचे ठोके, पृथ्वीची परिभ्रमणगती हे फळ्यावर कितीही चांगले काढले तरी हलताना पाहिल्याशिवाय पुरते कळत नाही. पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड याच हेतूने छापलेले आहेत. ते शाळेत, वर्गातल्या मोठ्या पडद्यावर, शिक्षकाच्या देखत उघडावेत. शिक्षक मधेच थांबवून प्रश्न विचारू शकतो आणि पाहणे संपले की पडदा खरोखर बंद होतो. युनेस्कोने २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात हाच निकष लावला आहे: शिकण्याला खरोखर मदत होत असेल तेव्हाच शाळेत फोनला जागा असावी. मोठ्या वर्गांतल्या मुलांना प्रकल्पासाठी माहिती शोधावी लागते, ती शाळेच्या संगणक कक्षात शोधू द्यावी आणि त्यासाठी तो कक्ष उघडा ठेवावा. घरी फोनवर शोधून, छापील चिकटवून आणलेल्या प्रकल्पात मूल किती शिकते ते आपण जाणतोच. त्याऐवजी त्याने गावातल्या विहिरी मोजून आणाव्यात, आजोबांकडून दुष्काळाची आठवण लिहून आणावी, आठवडाभर रोज संध्याकाळी चंद्र कुठे दिसला ते वहीत काढून आणावे. याला वेळ लागतो, पैसा लागत नाही.

हे सगळे एकदम होणार नाही याची मला जाणीव आहे. म्हणून या जूनमध्ये एकच गोष्ट करावी, गृहपाठ फळ्यावरून वहीत. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत ती नीट रुजली, तर दिवाळीच्या सुट्टीनंतर मैदानाच्या फाटकाचे आणि पुस्तकांच्या कपाटाचे बघता येईल. एखाद्या वर्गात तीन महिने हे करून पाहिल्यावर काय बदलले, काय अडले, पालक काय म्हणाले, ते शिक्षकांनी लिहून ठेवावे आणि केंद्रप्रमुखांच्या बैठकीत इतर शाळांना सांगावे. जमले नाही तर तेही सांगावे, म्हणजे दुसऱ्या शाळेला त्याच खड्ड्यात पाय घालावा लागणार नाही.

आमच्या वाचनालयाने आपल्या परीने एक ठरवले आहे. पंचक्रोशीतील ज्या शाळेला हवी असेल तिला चाळीस पुस्तकांची पेटी दोन महिन्यांसाठी देऊ आणि दोन महिन्यांनी बदलून देऊ. नेण्या-आणण्याची जबाबदारी आमची, हरवलेल्या पुस्तकाची वसुली नाही. पेटीसाठी मुख्याध्यापकांनी चिठ्ठी लिहून एखाद्या मुलाच्या हाती पाठवावी. मी साडेपाचपासून पायरीवर असते.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त शिक्षिका
जिल्हा सातारा